स्टूल जुनंच असू दे



लग्नसराई जवळ आली की आपल्या महिला मंडळांमध्ये हस्तकलेचं एखादं नवं वारं येतं. कधी क्विलिंग, कधी म्युरल, आणि आता डेकोपाज. कागदावरची सुंदर चित्रं कापायची, चौरंगावर, स्टुलावर किंवा ट्रेवर चिकटवायची आणि वरून वॉर्निशचे हात द्यायचे. नीट जमलं तर बघणाऱ्याला वाटतं, हे हातानं रंगवलंय.

याबद्दल मला दोन प्रकारचे प्रश्न येतात. पहिला प्रकार सोपा : कुठला डिंक, कुठला ब्रश, कागद कोणता. दुसरा प्रश्न स्वाध्यायाला येणाऱ्या एका काकूंनी विचारला. "एकीकडे अपरिग्रहाचं वाचायचं आणि दुसरीकडे स्टूल नटवत बसायचं, हे जमतं का गं?" काकूंच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की डिंकाच्या आणि ब्रशच्या प्रश्नांची उत्तरंही त्यातूनच निघतात. म्हणून आधी तो घेते.

माझं मत स्पष्ट आहे. डेकोपाज जरूर करावं, पण घरात आधीपासून असलेल्या वस्तूवर आणि नवी वस्तू आणावी लागू नये म्हणून करावं. डेकोपाज करायचं म्हणून दुकानातून कोरे लाकडी ट्रे, कोरे डबे, परदेशी नॅपकिनची पाकिटं आणणार असाल तर करू नये. तेव्हा ती कला राहत नाही, खरेदीला नवं निमित्त मिळतं.

गरिबांची लाख

डेकोपाज हा शब्द फ्रेंच आहे, 'कापणे' या क्रियापदावरून आलेला. पण फर्निचरवरची ही कला बहरली ती अठराव्या शतकात इटलीतल्या व्हेनिसमध्ये. त्या काळी युरोपातल्या श्रीमंतांना चीन-जपानकडच्या लाखकामाच्या, चकचकीत फर्निचरचं वेड लागलं होतं. ते फार महाग होतं आणि मागणी पुरी होत नव्हती. तेव्हा तिथल्या कारागिरांनी छापील चित्रं कापून साध्या लाकडावर चिकटवली आणि वरून वॉर्निशचे इतके थर दिले की कागदाची कड हाताला लागेना. याला ते 'लाक्का पोव्हेरा' म्हणत, म्हणजे गरिबांची लाख. बासानो गावातल्या रेमोंदिनी यांच्या छापखान्यातून तर खास कापून चिकटवण्यासाठी चित्रांचे तक्ते छापले जात.

म्हणजे या कलेची सुरुवात स्वस्त वस्तू महाग दिसावी म्हणून झाली. आपल्याला कला घ्यायची आहे, हा हेतू घ्यायचा नाही. कारण स्वस्त फर्निचरची लाज हे आपल्या घरातलं खरं दुखणं आहे. मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटलं की धडधाकट टीपॉय माळ्यावर जातो. सून यायची म्हणून सासूबाईंच्या हातचं फडताळ भंगारात जातं. ती वस्तू मोडलेली नसते, फक्त चार लोकांत 'बरी दिसत नाही'. आणि तिच्या जागी जे येतं ते पुष्कळदा भुशाच्या बोर्डाचं, वरून चकचकीत कागद लावलेलं असतं. पाणी लागलं की कडा फुगतात आणि दोन-चार पावसाळ्यांत तेही टाकावं लागतं. गंमत बघा, कारखान्यातून आलेल्या त्या टेबलावरही लाकडाचं छापील चित्र चिकटवलेलंच असतं. कागद चिकटवलेली वस्तू पैसे देऊन आणायची आणि घरातलं खरं लाकूड टाकायचं, यात शहाणपण कुठे आहे?

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर

आता अपरिग्रहाचं. तत्त्वार्थसूत्रात आचार्य उमास्वामींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेली नाही, मूर्च्छेवरून केली आहे. माझेपणाची जी गुंगी असते, तो परिग्रह. मग कोणी म्हणेल, हातानं सजवलेल्या स्टुलावर तर जास्तच जीव जडणार. जडू शकतो, हे खरं आहे. पण आपण गृहस्थ आहोत. आपल्यासाठी परिग्रह-परिमाण व्रत सांगितलंय. शेत, घर, सोनं-चांदी, धन-धान्य यांच्याबरोबर कपड्यालत्त्याची आणि भांड्याकुंड्यांचीही मर्यादा त्यात येते. ज्या घरात फर्निचरची मर्यादा ठरलेली आहे, त्या घरात जुनी वस्तू दुरुस्त करून वापरणं हे व्रत पाळण्याचं साधन होतं. एक स्टूल आणखी दहा वर्षं टिकलं म्हणजे एक झाड कमी, एक खरेदी कमी, आणि 'आता काय घेऊ' हा विचारही कमी.

दुसरा विचार अनर्थदंडाचा. रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार येतात, त्यांतला एक प्रमादचर्या. प्रयोजन नसताना पाणी सांडणं, आग पेटवणं, झाडं तोडणं, उगाच आरंभ करणं हे त्यात मोडतं. प्रयोजन असलेली क्रिया आणि नुसती हौस यांच्यातली रेघ इथे आहे. डेकोपाजला बसण्याआधी मनाला तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू घरात रोज लागते का? सजवली नाही तर ती टाकली जाणार आहे का? लागणारं बहुतेक सामान घरात आहे का? तिन्ही उत्तरं 'हो' आली तर निःशंकपणे करा. एकाचंही उत्तर 'नाही' आलं तर माळा जप करायला मोकळी ठेवा आणि हात स्वयंपाकाला. डेकोपाज कुठे पळून जात नाही.

सामानात काय दडलंय

आपण बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचतो. हस्तकलेच्या सामानाच्या बाबतीत मात्र डोळे मिटून घेतो. तिथे बघायला पाहिजे, कारण हिंसा तिथेही आहे.

डिंक : पूर्वी सुतार जो सरस वापरायचे तो जनावरांची कातडी आणि हाडं उकळून केलेला असायचा. पांढरा फेविकॉल १९५९ साली बाजारात आला आणि हळूहळू सुताराच्या हातातला सरस गेला. पांढरा डिंक पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा, म्हणजे रसायनापासून केलेला असतो. आपल्या कामाला तोच ठीक. काही जणी विचारतात, मैद्याची किंवा चिंचोक्याची खळ जास्त शुद्ध नाही का? खळ घरची आहे हे खरं, पण ती कसर आणि झुरळं यांचं खाद्य आहे. खळ लावलेल्या स्टुलाला कसर लागली की पुढे औषध मारायची वेळ येते. जीव येणारच नाहीत अशी सोय आधी करणं हीच खरी जीवदया.

ब्रश : रंगाच्या दुकानातले राठ केसांचे ब्रश बरेचदा डुकराच्या केसांचे असतात. चित्रकलेचे मऊ ब्रश खारीच्या केसांचे असू शकतात. मुंगसाच्या केसांच्या ब्रशवर तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंदी आहे, तरी त्यांचा चोरटा व्यापार पकडला जातो. दुकानदाराला ठाऊक नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. ब्रशचा एक केस काढून जाळून बघा. केस जळल्याचा वास आला आणि हातावर चुरगळणारी राख झाली तर तो प्राण्याचा. वितळून त्याची कडक गोळी झाली तर नायलॉनचा. नायलॉनचा सपाट ब्रश घ्या. तोही नको असेल तर फोमचा तुकडा चालतो.

वॉर्निश : इथे सर्वांत जास्त सांभाळायचं. 'फ्रेंच पॉलिश', 'स्पिरिट पॉलिश', 'चपडी' ही नावं ऐकलीत तर समजा की ती लाख आहे. झारखंड-छत्तीसगडकडे पळस, कुसुम, बोर या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे वाढतात. त्यांचा स्राव फांदीसकट खरवडून काढतात आणि त्यात अगणित किडे मरतात. जी बाई रेशीम सोडते तिनं चपडी पॉलिशचा विचार करायलाच हवा. त्याऐवजी पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक वॉर्निश मागा. त्याला वास कमी असतो आणि ब्रश पाण्यानं धुता येतो.

आणि स्टूल स्वतः. काम सुरू करण्याआधी ते उलटं करून पायांच्या तळापासून बघा. बारीक गोल छिद्रं आहेत आणि त्यातून ताजा पिवळसर भुसा गळतोय, तर आत जीव आहेत. त्यावर काम करायचं नाही. पुट्टीनं छिद्रं बुजवून वर फुलं चिकटवली तर दिसायला छान दिसेल, पण आपण आतल्या जीवांना कोंडून मारलेलं असेल. असं लाकूड घराबाहेर आडोशाला ठेवून द्या, काम दुसऱ्या वस्तूवर करा.

वेळ आणि ऋतू

हे कुठल्याही व्हिडिओत कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. डेकोपाज रात्री करू नका. दिवसभराची कामं उरकून, मुलं झोपल्यावर, दिव्याखाली बसून करायला बरं वाटतं, हे मला कळतं. पण ओला वॉर्निश आणि वर पेटलेला दिवा म्हणजे चिलटांसाठी लावलेला सापळा. सकाळी बघाल तर फुलांच्या चित्रावर दहा-बारा पाखरं चिकटलेली असतील. रात्रीचं जेवण आपण ज्या कारणानं टाळतो तेच कारण इथे आहे. सकाळी दहा ते दुपारी तीन, उजेड भरपूर, हवा कोरडी, ही वेळ योग्य. लावून झालं की चार बाजूंना उंच डबे ठेवून वरून पातळ सुती कापड टाका, कापड वस्तूला टेकू देऊ नका.

चातुर्मासात तर हे काम ठेवूच नका. एक तर त्या दिवसांत जीवोत्पत्ती जास्त असते, म्हणूनच तर साधुसंत एका जागी थांबतात. दुसरं, आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या पावसात डिंक आणि वॉर्निश आठ-आठ दिवस चिकट राहतात. धर्म आणि डिंक दोघांचंही म्हणणं एकच पडतं. दिवाळी झाल्यापासून होळीपर्यंतचे दिवस उत्तम. भर उन्हाळ्यात डिंक इतका पटकन वाळतो की कागद सरळ करायला सवड मिळत नाही.

कोणता कागद चिकटवू नये

आता ज्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसले तो मुद्दा. आपल्या घरात सुंदर, रंगीत कागद सर्वांत जास्त कुठून येतो? लग्नपत्रिकांतून, पंचकल्याणक महोत्सवाच्या पत्रिकांतून, क्षेत्रांच्या कॅलेंडरांतून. आणि त्यावर काय असतं? तीर्थंकरांची प्रतिमा, णमोकार मंत्र, महाराजांचा फोटो, स्वस्तिक, अष्टमंगल. ते टाकवत नाही, म्हणून एखादी म्हणते, "टाकण्यापेक्षा चौरंगावर चिकटवलं तर? रोज डोळ्यासमोर राहील." भावना चांगली आहे, पण माझं उत्तर ठाम 'नाही' असं आहे. चौरंगावर आज पूजेचं ताट येतं, उद्या बल्ब बदलायला त्यावर कोणीतरी पाय ठेवतं. ट्रेवर चहा सांडतो. स्टुलावर माणसं बसतात. डिंकानं चिकटवलेली प्रतिमा तिथून काढताही येत नाही. काढायची तर खरवडून काढावी लागेल, आणि हा विचारही सहन होत नाही.

प्रतिमा असलेले कागद वेगळे काढून स्वच्छ पिशवीत ठेवा. पुष्कळ मंदिरांत जीर्ण ग्रंथांबरोबर ते स्वीकारतात, आपल्या मंदिरात आधी विचारून घ्या. नदीत सोडू नका, रंग आणि प्लॅस्टिकचा थर पाण्यातल्या जीवांना बाधतो. आणि याहून महत्त्वाचं काम आपल्याच हातात आहे. आपल्या घरच्या लग्नाची पत्रिका छापताना प्रतिमा छापूच नये. वरती 'श्री' लिहिलं, कमळाचं चित्र काढलं तरी मंगलच आहे. पत्रिका हजार घरांत जाते आणि आठ दिवसांत रद्दीत पडते. तो अविनय चिकटवणारीचा कमी, छापणारांचा जास्त.

अक्षरांबद्दलही माझं मत थोडं कडक आहे. वर्तमानपत्राची कात्रणं लावून केलेली स्टुलं हल्ली फॅशनमध्ये आहेत. पण ज्या घरात मुलांना पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करायला शिकवतो, त्याच घरात अक्षरांवर बसायचं, हे पटत नाही. भिंतीवरच्या फळीला अक्षरं चालतील, बसायच्या वस्तूला नकोत.

आणि पक्षी-प्राण्यांची चित्रं. यशोधर महाराजांची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला, पण संकल्प हिंसेचा होता, म्हणून मायलेकांना किती जन्म भोगावं लागलं. मोराचं चित्र कापणं हा काही बळी नव्हे, तसा संकल्प तिथे नसतो. तरी लहान मुलं शेजारी बसलेली असताना कात्रीनं पाखराची मान कापली जाणं मला बरं वाटत नाही. पक्षी घ्यायचाच तर अखंड घ्या, बाहेरून कापा. नाहीतर पानं, वेली, फुलं यांनी काय कमी सजतं?

मग कागद उरला कोणता? भरपूर. भेटवस्तूंवरचा रंगीत कागद, साडीच्या खोक्यातला नक्षीचा कागद, जुन्या कॅलेंडरातले निसर्गाचे देखावे, पत्रिकेच्या आतल्या पातळ पानांवरची वेलबुट्टी. कागदाऐवजी विरलेल्या सुती साडीचे काठही याच पद्धतीनं चिकटतात. आजीच्या सुती इरकलीचा काठ स्टुलाच्या कडेनं लावून बघा, विकतच्या कुठल्याही नॅपकिनला ती ऐट येत नाही.

पहिलं स्टूल

पहिल्यांदा करताना छोटी, सपाट, लाकडी वस्तू घ्या. पाट किंवा चौकोनी स्टूल सर्वांत सोपं. गोल पाय, कोरीव काम, खोबणी असलेलं काही घेऊ नका. पाय हलत असतील तर आधी सुताराकडून ठोकून घ्या.

ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळू द्या. मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं आणि नंतर २२० नंबरच्या पेपरनं घासा. सनमायका असेल तर त्याची चकाकी जाईपर्यंत घासावं लागतं, नाहीतर वरचं सगळं पापुद्र्यासारखं सुटतं. एक काळजी घ्या. जुन्या तेलकट रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या अखेरीस लागू झाली, त्याआधीच्या रंगांचा भरवसा नाही. असा रंग कोरडा घासू नका. वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासा, नाकातोंडाला रुमाल बांधा आणि लहान मुलांना लांब ठेवा.

खड्डे असतील तर पुट्टी भरा. त्यावर प्राइमरचा एक हात आणि पांढऱ्या किंवा फिक्या ॲक्रिलिक रंगाचे दोन हात. खालचा रंग फिका हवा, कारण ओला झाल्यावर पातळ कागद पारदर्शक होतो आणि खालचं काळं लाकूड दिसायला लागतं.

कागद डिंक न लावता आधी नुसता मांडून बघा. मनासारखी मांडणी झाली की मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे चिकटवताना गोंधळ होत नाही. कागदाच्या कोपऱ्यावर ओलं बोट फिरवून बघा. रंग बोटाला आला तर तो कागद घेऊ नका. घरच्या इंकजेट प्रिंटरचे रंग फुटतात, झेरॉक्सच्या दुकानातली लेझर प्रिंट टिकते. पत्रिकेचा जाड कागद असेल तर एक कोपरा ओला करून मागचा थर हलक्या हातानं सोलून काढा. पेपर नॅपकिन घरात असेल तर त्याचे दोन-तीन पदर सुटे करून फक्त छापील पदर वापरा.

तीन भाग फेविकॉल आणि एक भाग पाणी एकत्र करा. पाणी गाळलेलंच घ्या, आणि लागेल तेवढंच मिश्रण करा. वस्तूवर पातळ हात द्या, कागद ठेवा आणि मधून कडेकडे दाबत न्या. जुनं प्लॅस्टिकचं कार्ड यासाठी चांगलं. सगळी गंमत या पायरीत आहे, आणि घाई नडते तीही इथेच. हवेचा फुगा राहिला तर वाळल्यावर टाचणीनं भोक पाडून थोडा डिंक आत सारा आणि दाबा. एक दिवस पूर्ण वाळू द्या.

आता वॉर्निश. फेविकॉलचाच वरचा हात पुरेसा आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. पांढरा डिंक पाण्यानं परत मऊ होतो. पावसाळ्यात हाताला चिकटतो, आणि गार पाण्याचा पेला ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. ॲक्रिलिक वॉर्निशचे निदान चार पातळ हात द्या, दोन हातांच्या मध्ये तो पूर्ण वाळू द्या. दुसऱ्या हातानंतर ४०० नंबरच्या पेपरनं अगदी हलकं घासलं की कागदाची कड बोटाला लागत नाही. नंतर निदान आठवडाभर त्यावर काही जड किंवा गरम ठेवू नका.

ब्रश धुण्याआधी रद्दी कागदावर पुसून घ्या, मग थोड्या पाण्यात बुडवून धुवा. ते पाणी गटारात किंवा ओढ्यात ओतू नका. एका पसरट भांड्यात जाळीखाली आटू द्या, खाली उरलेला पापुद्रा कचऱ्यात टाका. यत्नाचार म्हणतात तो हाच, छोट्या कामातला.

एकावर थांबा

पहिलं स्टूल छान जमलं की हात शिवशिवतात. मग बरण्या, मग कुंड्या, मग घड्याळ. प्रत्येक सपाट जागा रिकामी दिसायला लागते. इथे थांबता येणं ही या कलेतली सर्वांत अवघड पायरी आहे. दशलक्षण पर्वात उत्तम त्याग आणि उत्तम आकिंचन्य हे दिवस एकामागोमाग येतात. त्या दिवशी घरात नजर फिरवून बघावं. आपण सजवलेल्या वस्तूंपैकी किती वापरात आहेत आणि किती नुसत्या धूळ खातायत?

रुखवतालाही हेच लागू. आपण एकवीस-एकवीस वस्तूंचं रुखवत मांडतो. थर्माकोलची तुळस, मण्यांचा गालिचा, सजवलेले नारळ. दोन तास कौतुक होतं, नंतर ते खोक्यात जातं आणि नव्या सुनेला वर्षभरानं कळत नाही की याचं करू काय. त्याऐवजी माहेरच्या घरातला एक जुना पाट किंवा चौरंग घ्यावा, आईनं, मावशीनं, आजीनं मिळून त्यावर आजीच्या साडीचा काठ आणि वेलबुट्टी लावावी, आणि तोच एक रुखवतात ठेवावा. तो तिच्या संसारात रोज वापरला जाईल.

आणि आजी म्हणून ज्या वाचतायत त्यांच्यासाठी खास. इंग्लंडमध्ये मेरी डेलेनी नावाच्या बाई होऊन गेल्या. नवरा वारल्यानंतर, सत्तरी ओलांडल्यावर, १७७२ च्या सुमारास त्यांनी रंगीत कागद कापून फुलं करायला घेतली. पुढच्या दहा वर्षांत हजाराच्या जवळपास फुलचित्रं केली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. शेवटी नजर अधू झाली तेव्हा त्यांनी काम थांबवलं. तेव्हा 'आता या वयात कुठे' असं म्हणू नका. हात थरथरत असेल तर कापायचं काम नातवंडांना द्या, मांडणी तुम्ही सांगा. कुठला काठ कुठे शोभेल हे तुमच्याइतकं कोणाला कळणार?

राहता राहिला पाहुण्यांचा प्रश्न. ते विचारतील, "नवीन घेतलं का?" तेव्हा हसून सांगा, "नाही हो, जुनंच आहे." हे वाक्य न लाजता म्हणता आलं की काकूंच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच घरात मिळालं असं समजा.

जय जिनेंद्र.